कधी लागलात?

शेजारचे काका सोलापूर डिव्हिजनचे निवृत्त मेल ड्रायव्हर. आता लोको पायलट म्हणतात, पण ते नाव त्यांना रुचत नाही. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचे विमान ९ जून २०२५ला सुरू झाले आणि काही महिन्यांनी काका आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. सोबत मी. कॅप्टनची घोषणा सुरू होताच त्यांनी कोपर मारले. "पुढं दोघं असतात म्हणे. सीनियर कुठला बे?"

डावीकडचा कॅप्टन, उजवीकडचा फर्स्ट ऑफिसर.

"मग उजवीकडून डावीकडं जायला किती वर्षं?"

ते कंपनीवर ठरते, आणि खरे भांडण तिथेच. २००७मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. एअर इंडियाच्या वैमानिकांचे म्हणणे असे, की समोरच्यांना डावी खुर्ची लवकर मिळते. ज्येष्ठतेची यादी एकत्र केली तर आम्ही कायमचे मागे पडू. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी आधीच, २०११मध्ये, समान पगारासाठी संप केला होता. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांच्या एकत्रीकरणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी २०१२मध्ये आला. मे महिन्यात एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप पुकारला. ठिणगी पडली ती नव्या ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणावरून: ते आमच्याच वाट्याचे, इतरांना का? ५८ दिवस संप चालला, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले.

अमेरिकेत तर कहर. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५मध्ये एकत्र आल्या. लवादाने २००७मध्ये यादी लावताना नोकरीला लागल्याची तारीख प्रमाण मानली नाही. १७ वर्षे जुना, पण कामकपातीत घरी बसलेला वैमानिक काही महिन्यांपूर्वी लागलेल्याच्या खाली गेला. चिडलेल्यांनी पुढच्याच वर्षी जुनी संघटना मतदानाने हटवून नवी आणली.

"सतरा वर्षं?" काका गप्पच झाले.

मला मात्र गप्प बसवत नव्हते. आमची बँक दुसऱ्या बँकेत गेली, तेव्हा माझ्यामागून चार वर्षांनी लागलेला एक जण माझ्या वर आला. त्यांच्याकडे प्रमोशन लवकर व्हायचे, एवढेच. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, तरी दोन महिने मी त्याच्याबरोबर चहाला गेलो नाही.

काका १९७५ला फायरमन म्हणून लागले, तेव्हा सोलापूर दक्षिण मध्य रेल्वेत होते. २ ऑक्टोबर १९७७ला सोलापूर परत मध्य रेल्वेत आले. "मुख्यालय सिकंदराबादचं गेलं, व्हीटीचं आलं. पण आमची यादी डिव्हिजनची. माझ्या वरचा वरच राहिला. आवडायचा नाही मला तो. पण बोलणार काय?"

गोव्यात मोपा विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी दोन्ही वैमानिक बॅगा ओढत निघाले. खांद्यावर एक पट्टी कमी असलेल्या मुलीला काकांनी थांबवलेच.

"कधी लागलात?"

ती हसली आणि तारीख, महिना, वर्ष एका दमात सांगून मोकळी झाली.