टोल्याची सवड

दिवसाची चाकरी आटोपल्यावर कोथरुडांतील आमच्या खोलींत बसून मोबाइलवर खेळावयाचा एक लहानसा खेळ आम्ही रचीत आहों. आखणी, चित्रें, आवाज, सारें एकहातीं. विषय विटीदांडूचा: विटी उडाली कीं ती खालीं येण्यापूर्वीं बोट टेकवून टोला हाणावयाचा, तीनदां हुकलें कीं डाव गेला.

"‘राजी’सारखें कांहीं भव्य कां करीत नाहीं?" असें स्नेही पुसतात. पुण्यांतच घडलेल्या त्या खेळानें 2020 सालीं जगभर नांव मिळविलें खरें. पण त्यामागें एक सबंध मंडळी राबली होती. शिवाय लहान खेळ रचणें सोपें, ही समजूत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पडद्यावर सेकंदास 60 चित्रें उमटतात. टोल्यास 4 चित्रांची, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याची, सवड ठेवली, तेव्हां शेजारचा मुलगा "काका, हा खेळ खोटा आहे" म्हणून रुसला. 8 ची ठेवली, तर जांभया देऊं लागला. 6 वर मात्र तो हुकला, हंसला, आणि आईनें जेवावयास दोनदां हांक मारली तरी उठेना!

हा आनंद कीं व्यसन? हनोईच्या डाँग ग्वेन यानें एकट्यानें रचून 2013 सालीं प्रसिद्ध केलेला ‘फ्लॅपी बर्ड’ ऐन भरभराटींत, 2014 च्या फेब्रुवारींत, मागें घेतला. लोकांस जडलेलें त्याचें व्यसन त्यास सोसवेना. आम्हांस अंगणांतला जुना नियम आठवला. आतां डाव गेला कीं पडद्यावर अक्षरें येतात, ‘दांडू दुसऱ्यास द्या.’ मुलाजवळ दुसरें कोणी नव्हतें. त्यानें मोबाइल आमच्यापुढें धरला.