बुलेट, साइडकार आणि मरून रंग



एरवी मी इथे स्वयंपाकघर, दशलक्षण पर्वाची तयारी, घरखर्चाची वही असल्या विषयांवर लिहिते. आज मोटरसायकलच्या रंगावर लिहिणार आहे. हसू नका! गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. त्यातून जे कळलं ते तुम्हाला जुनं लोखंडी कपाट किंवा झोपाळा रंगवतानाही उपयोगी पडेल.

आमच्याकडे 1984 ची बुलेट आहे, मरून रंगाची. ह्यांनी ती नवी घेतली आणि आजवर दुसऱ्या कुणाला फारशी चालवू दिली नाही. दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात, पण डाव्या पायात जोर नाही. मागच्या सीटवर टांग टाकून बसणं जमत नाही. म्हणून मुलाने बुलेटला साइडकार लावायचं काढलं. आपल्याकडे ती डाव्या बाजूला असते, रस्त्याच्या कडेने सरळ आत बसता येतं. गाडीला साइडकार जोडणं हा कायद्याने गाडीतला बदल धरतात, म्हणून त्याने आधी आरटीओत जाऊन रीतसर परवानगी घेतली आणि मग एक जुनी पत्र्याची साइडकार आणली. तिचा रंग होता फिकट निळा.

ह्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "गाडी मरून आणि हे निळं? मी काय बाजूला बांधायचं गाठोडं आहे का?" आणि आत निघून गेले.

मुलाला वाटलं, बाबा रंगावरून रुसले. मला मात्र त्यातलं दुसरं ऐकू आलं. इतकी वर्षं ज्या गाडीचं हँडल स्वतःच्या हातात होतं, तिच्या शेजारी आता पाय पसरून बसायचं. निदान ते बसणं त्याच गाडीत आहे असं तरी वाटायला हवं. साइडकार गाडीचीच दिसली तर हे बसतील, नाहीतर नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

पेंटर आमच्या गल्लीच्या टोकालाच आहे. तो म्हणाला, "काकू, दोन्ही खरवडून एकाच डब्यातला नवा मरून मारू. फरक ऱ्हाणारच न्हाई." सोपा मार्ग तोच होता. गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. मरूनच ठेवला तर तिथेही काही बदलायचं नव्हतं. पण बुलेटच्या टाकीवर सोनेरी रेघा असतात ना, त्या कारखान्यात हाताने ओढलेल्या असतात. ह्यांनी आतूनच आवाज दिला, "टाकीला हात लावायचा नाही!" म्हणजे जुनी गाडी तशीच ठेवून साइडकारचा रंग तिच्याशी जुळवायचा. यात रंग कमी लागतो आणि मजुरी जास्त. दोन्ही आकडे मी वहीत मांडले, मुलाला दाखवले आणि जास्त मजुरीचा पर्याय निवडला.

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं, कंपनीचा मरून म्हणजे मरून, दुकानात नाव सांगितलं की डबा मिळेल. तसं नसतं. लाल जातीचे रंग उन्हाने उतरतात. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर डब्यातला रंग ही खरेदीची किंमत, आणि आमच्या दारातल्या गाडीचा रंग म्हणजे इतक्या वर्षांचा घसारा वजा करून उरलेली किंमत. जुळवायचं ते या उरलेल्याशी. शिवाय घसाराही सगळीकडे सारखा नसतो. टाकीचा वरचा भाग उन्हात असतो, तो जास्त फिका. बाजूचा कमी. टूलबॉक्सच्या झाकणाची आतली कड जवळजवळ नवीच. मग कशाशी जुळवायचं? पेंटरने साइडकार शेजारी ठेवली आणि मला दहा पावलं मागे उभं केलं. तिथून साइडकारबरोबर एका नजरेत येतात ती टाकीची डावी बाजू आणि डावा टूलबॉक्स. त्यांच्याशीच जुळवायचं ठरलं.

त्याआधी त्याने एक काम केलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याने जुन्या गाडीला आधी रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने पॉलिश केलं. रेघांवर चिकटपट्टी लावली, त्यांना घासायचं नाही म्हणून. जुन्या रंगावर एक पांढुरका थर साचलेला असतो. तो काढून झाल्यावर दिसतो तो गाडीचा आताचा खरा रंग. आधी शेड जुळवून नंतर पॉलिश केलं असतं तर सगळी मेहनत वाया गेली असती.

मग टूलबॉक्सचं झाकण काढून शहरातल्या रंगाच्या दुकानात नेलं. तिथे रंग वाचणारं यंत्र असतं. ते सपाट जागेवर नीट टेकतं, टाकीसारख्या गोलाईवर नाही, म्हणून झाकण. यंत्राने जवळपासचं प्रमाण दिलं. जवळपासचं म्हणजे तेवढंच. पुढचं काम डोळ्याचं. पेंटरने पत्र्याचे छोटे तुकडे घेतले, त्यांना साइडकारला लावायचा तोच प्रायमर लावला. लाल रंगातून खालचा थर थोडा डोकावतो, म्हणून प्रायमर वेगळा असला की वरची शेडही बदलते. प्रत्येक तुकड्यावर रंग मारायचा, वर क्लिअर कोट मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग झाकणाशेजारी धरायचा. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचाच नाही, वाळल्यावर तो बदलतो. एक थेंब काळा, दोन थेंब तपकिरी, असं चाललं होतं. प्रत्येक तुकड्यामागे मी पेन्सिलीने प्रमाण लिहून ठेवत होते.

चौथा तुकडा ट्यूबलाइटखाली अगदी हुबेहूब वाटला. अंगणात नेला तर नारिंगी झाक मारायला लागला! कारण जुना रंग एका द्रव्याचा आणि नवा दुसऱ्या द्रव्यांचा. एका उजेडात दोन्ही सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात फुटतात. आपण प्रवचनात ऐकतो ना, एकाच बाजूने पाहून निवाडा करू नये? इथे तो शब्दशः पेंटरचा नियम निघाला. सकाळच्या उन्हात, भर दुपारी सावलीत आणि घरातल्या दिव्याखाली, तिन्ही ठिकाणी पटला तो सातवा तुकडा.

फवारणी आम्ही दिवाळीनंतर केली. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने रंगावर दुधाळ झाक येते. मी पेंटरला म्हटलं, संध्याकाळी दिवे लावून काम नको, ओल्या रंगावर चिलटं चिकटून मरतात. तो म्हणाला, "काकू, आमी बी संध्याकाळी मारत न्हाई. एक चिलट बसलं की तेवढी जागा परत घासाय लागती." कारणं दोघांची वेगळी, पण वेळ एकच ठरली: दव उडाल्यावर सुरुवात, दुपारपर्यंत शेवट.

निळा रंग आणि गंज काढला, खड्ड्यांना पुट्टी भरली, पाणीकागदाने 220 पासून 800 नंबरपर्यंत घासून घेतलं. मग रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये थांबून. घाईने जाड हात मारला की रंग ओघळतो. या रंगात हार्डनर मिसळतात, त्याची वाफ छातीला वाईट. पेंटर नुसता रुमाल बांधून उभा राहिला तेव्हा मुलाने जाऊन त्याला चांगला मास्क आणून दिला. तुम्हीही अशा कामाच्या वेळी लहान मुलांना लांब ठेवा.

सोनेरी रेघ ओढायला दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक वयस्कर पेंटर आले. त्यांनी टाकीवरची रेघ बराच वेळ पाहिली आणि साइडकारवर तेवढीच बारीक रेघ एका दमात ओढली. क्लिअर कोटच्या आधी ती थोडी मळकट सोनेरी करून घेतली, कारण टाकीवरची तशी झाली आहे.

जवळ जाऊन तिरप्या उन्हात पाहिलं तर फरक कळतो. साइडकार केसभर जास्त तांबूस आहे. दहा पावलांवरून कळत नाही. ह्यांनी मात्र साइडकारकडे पाहिलंच नाही. आधी टाकीवरून हात फिरवला, रेघा जागच्या जागी आहेत का ते पाहिलं. मग मुलाला विचारलं, "माझं हेल्मेट कुठे ठेवलंस?"

उरलेला रंग मी हार्डनर न घालता डब्यात बंद करून ठेवला आहे. हार्डनर घातलेला रंग टिकत नाही, घट्ट होतो. डब्यावर चिठ्ठी लावली: तारीख, थेंबांचं प्रमाण, प्रायमर कुठला. वर मथळा लिहिला होता, "साइडकारचा रंग". ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "ते साइडकार खोड. गाडीचा रंग लिही."

तसं लिहिलं आहे.