कॅल्शियमचा ग्राफ एकटा वाचू नये

न्यूट्रोफिल जंतू गिळायला लागला की त्याच्या आत कॅल्शियम चढतं, एवढं पाठ्यपुस्तकं सांगतात. एरवी पेशीद्रवात ते साधारण 100 नॅनोमोलर असतं आणि बाहेर त्याच्या दहा हजारपट, त्यामुळे वाहिनी जराशी उघडली तरी लोंढा आत येतो. पण त्याच वेळी जंतू मारण्यासाठी ही पेशी ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन पुरवत असते, आणि मागे उरलेल्या प्रोटॉनमुळे आतून आम्ल होत जाते. हे प्रोटॉन बाहेर टाकणारी एचव्ही-1 वाहिनी ज्या उंदरांत नसते, त्यांच्या न्यूट्रोफिलमध्ये कॅल्शियमचा प्रवेशही घटतो, हे 2010 मध्ये दिसून आलं. म्हणून पीएच न मोजता काढलेला कॅल्शियमचा ग्राफ मी अर्धाच मानतो.

आम्लतेमुळे कॅल्शियमचा प्रवेश घटतो, यावर पहिला आक्षेप कॅल्शियम मोजणाऱ्या डायचा. आम्लता फार वाढली की फ्युरा-2 या डायची कॅल्शियमवरची पकड सैल होते आणि आकडा खोटाच खाली येतो. हे रास्त आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: इलेक्ट्रॉन बाहेर गेल्याने पेशीचं व्होल्टेज बदलतं आणि कॅल्शियमला आत खेचणारा जोर ओसरतो, मग दोष आम्लतेला कशाला? क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजारात हे इलेक्ट्रॉन वाहत नाहीत आणि कॅल्शियम उलट जास्त शिरतं, असा दाखला दिला जातो. पण तिथे ते आम्लही तयार होत नाही. दोन्ही कारणं एकदमच नाहीशी होतात, निवाडा होत नाही. तो पॅच-क्लॅम्पने होतो. त्यात डाय लागत नाही आणि व्होल्टेज आपणच बांधून ठेवतो. 1995 साली मानवी मॅक्रोफेजवर असा प्रयोग झाला: बाहेरचा द्रव आम्ल केला की कॅल्शियमचा करंट घटला, अल्कधर्मी केला की वाढला. आतल्या आम्लतेचाही तसाच परिणाम पुढे कॅल्शियम आत सोडणाऱ्या ओराय-1 वाहिनीवर दिसला. व्होल्टेजचा वाटा मी नाकारत नाही. आम्लतेचा वाटा वेगळा आणि खरा आहे, एवढंच.

प्रयोग बेलूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या लॅबमध्ये करा, नाहीतर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, एक अडचण सारखीच. बायकार्बोनेटचं माध्यम इन्क्युबेटरबाहेर उघडं राहिलं की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि फिनॉल रेडचा लालसर रंग गुलाबी-जांभळट होतो. मोजणीच्या बफरमध्ये मात्र फिनॉल रेड घालत नाहीत, कारण ते प्रकाशाच्या मोजणीत लुडबुड करतं. म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी पीएच सरकल्याचं डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा बफरला हेपेसचा आधार द्यावा, त्याच रक्तातल्या पेशींचा दुसरा नमुना बीसीईसीएफ या पीएच दाखवणाऱ्या डायने भरून पीएच मोजावा, आणि दोन्ही ग्राफ एकाच वेळेच्या अक्षावर छापावेत.