अग्नि आणि पर्जन्य यांचें बेट

शाळेंत हिंदी महासागराचा नकाशा शिकवितांना आफ्रिकेच्या पूर्वेकडील कांहीं ठिपक्यांवरून माझी छडी नेहमींच घाईनें पुढें सरकत असे. उतारवयांत मॉरिशसमधील मराठी स्नेह्यांकडे गेलों असतां त्यांपैकीं रेयुन्यों हें बेट प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. मॉरिशसपासून सुमारें २०० किलोमीटरांवर असलेलें हें बेट फ्रान्सचा प्रांत असून त्याचें क्षेत्रफळ अवघें २,५०० चौरस किलोमीटर आहे.

सागरतळांतून उसळलेल्या शिलारसानें हें बेट घडविलें. पितों-दे-नेज हें सुमारें ३,०७० मीटर उंचीचें शिखर आतां निद्रिस्त आहे. परंतु आग्नेयेकडील पितों-द-ला-फुर्नेज अद्यापि वारंवार धगधगतो. जुन्या पर्वताच्या कुशींत सिलाओस, सालाझी व माफात अशीं तीन विशाल खोरीं आहेत. माफातला आजही मोटारीची वाट नाहीं. गुलामगिरीच्या काळीं मळ्यांतून पळालेले दास या दुर्गम खोऱ्यांतच आश्रय घेत.

आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे पर्वतास अडतात आणि पूर्व किनाऱ्यावर मुबलक वृष्टि करितात. पश्चिमेकडील भूमि मात्र तहानलेली राहते. म्हणून डोंगर पोखरून पूर्वेचें पाणी पश्चिमेच्या शेतांस नेलें आहे. आपल्याकडे पौष-माघांत थंडी असते, तेव्हां तेथें ऐन पावसाळा व चक्रीवादळांचे दिवस असतात. जानेवारी १९६६ मध्यें फोक-फोक येथें २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस कोसळला. तो जगांतील उच्चांक ठरला.

१९७७ सालीं पितों सेंत-रोज या गांवांत लाव्हारस शिरला व घरें भस्म झालीं. ख्रिस्तमंदिराच्या दाराशीं मात्र तो थबकला. तें मंदिर अद्यापि उभें आहे, भोंवतीं काळा कातळ आहे आणि गांवही तेथेंच नांदत आहे. जवळच एक वृद्ध शेतकरी भेटले. १८४८ मध्यें दास्यमुक्ति झाल्यावर मळ्यांत राबण्यास जे तमिळ मजूर आणले गेले, त्यांच्यापैकीं त्यांचे पूर्वज. “भय वाटत नाहीं का?” असें मीं स्नेह्यांच्या मुखें विचारलें.

ते हंसून म्हणाले, “ज्याच्या मातींत आमचा ऊस उभा आहे, त्या डोंगराशीं अबोला धरून कसें चालेल?”

रुद्र आणि शिव हीं एकाच देवतेचीं नांवें कां, हें मीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस समजावून सांगितलें. मला स्वतःला तें उमगलें त्या काळ्या कातळावर उभें राहिल्यावर.