सहावा नंबर

परवा रात्री साडेआठला ताईचा फोन आला. म्हणजे पुण्यात सकाळचे सात, तिचा पहिला चहा झालेला. विषय ठरलेला. "काय रे, यंदा तरी काही होईल का ह्यांच्या टीमचं?"

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, इथे ओहायोत आमच्या घरापासून दोन तासांवरच्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत शिकतो आणि तिथल्या टेनिस टीममध्ये खेळतो. हे त्याचं शेवटचं वर्ष. खरा सीझन जानेवारीत सुरू होतो आणि एप्रिलच्या अखेरीस संपतो. घरच्या मंडळींना एवढंच माहीत आहे की तो 'अमेरिकेत टेनिस खेळतो'. मग पुढचा प्रश्न येतो, कितवा नंबर? सहावा म्हटलं की फोनवर जरा शांतता पसरते. एका काकांनी तर सरळ विचारलं, "म्हणजे क्रिकेटमध्ये बारावा गडी असतो, तसा का?" त्या काकांसाठी आणि थोडं ताईसाठीही हे लिहितोय.

तर काका, नाही. इथे दोन कॉलेजं समोरासमोर येतात तेव्हा एकूण सात पॉइंट्स असतात. आधी तीन डबल्स, सहा गेम्सचा एकेकच सेट. तिन्हींतल्या दोन जो जिंकेल त्याला मिळून एक पॉइंट. मग सहा सिंगल्स, प्रत्येकीला एक. ज्याचे चार आधी होतील ती टीम जिंकली. एक नंबरच्या पोराने कितीही डोळे दिपवणारं टेनिस खेळलं तरी त्याचा एकच पॉइंट, आणि सहाव्याने रडतखडत जिंकली तरी त्याचाही एकच.

आपला सोमदेव देववर्मन आठवतो ना? तो व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळायचा. 2007 आणि 2008, लागोपाठ दोन वर्षं तो कॉलेज टेनिसचा राष्ट्रीय सिंगल्स विजेता होता. 2007 च्या फायनलला तर त्याने जॉन इस्नरला हरवलं. पण त्या दोन्ही वर्षी सांघिक विजेतेपद गेलं जॉर्जियाकडे, म्हणजे 2007 ला इस्नरच्याच कॉलेजकडे. व्हर्जिनियाला ते पहिल्यांदा मिळालं 2013 मध्ये, सोमदेव पदवी घेऊन गेल्यावर पाच वर्षांनी. सिंगल्सची स्पर्धा एकट्याची असते, टीमची सहा जणांची.

आणखी एक भानगड आहे. चार पॉइंट्स झाले की बहुतेक वेळा उरलेल्या मॅचेस आहेत तिथेच थांबवतात. निकालाच्या कागदावर त्यांच्यापुढे लिहिलेलं असतं, 'अनफिनिश्ड'. जानेवारी-फेब्रुवारीत इथे बाहेर बर्फ, त्यामुळे सगळं छपराखाली, आणि ह्यांच्याकडे आत कोर्टं फक्त चार. म्हणजे पहिले चार जण कोर्टावर जातात आणि पाचवा-सहावा बाकावर. तास-दीड तास कधी कधी. भाचा तेवढा वेळ कॉरिडॉरमध्ये दोरीच्या उड्या मारत असतो. नंबर लागून तो आत जातो तोवर कधी सगळं संपत आलेलं असतं. गेल्या वर्षी त्याच्या कितीतरी मॅचेस अशाच अर्धवट राहिल्या. ताई विचारायची, "जिंकला का हरला?" मी म्हणायचो, "दोन्ही नाही." "असं कसं दोन्ही नाही? चार तास गाडी चालवून तू बघितलंस काय मग?"

नाहीतर उलटं होतं. तीन-तीन होतात आणि सगळ्यांच्या मॅचेस संपून त्याची एकटीच उरते.

गेल्या एप्रिलमध्ये तसंच झालं. कॉन्फरन्सची सेमीफायनल. ही स्पर्धा जिंकली की मे महिन्यातल्या 64 टीम्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. छोट्या कॉलेजला तिकडे जायला दुसरा रस्ता जवळजवळ नाहीच. दिवसभर पाऊस, म्हणून पुन्हा आत चार कोर्टांवर. तीन-तीन. शेवटची मॅच भाच्याची, तिसरा सेट, पाच-पाच, ड्यूस. कॉलेज टेनिसमध्ये अ‍ॅडव्हान्टेज नसतं. ड्यूसला एकच पॉइंट, जिंकेल त्याचा गेम. त्यात हे प्रेक्षक टाळ्या वाजवून गप्प बसणारे नसतात. दोन्हीकडची पोरं जाळीमागे उभी राहून घसा फाडून ओरडत असतात. सर्व्हिस भाच्याची. पहिली नेटमध्ये गेली, दुसरी दोन बोटं बाहेर. पुढचा गेमही गेला. संपलं.

त्या रात्री त्याने ताईला फोनवर सांगितलं, "टीम हरली." शेवटची मॅच कोणाची होती ते त्याने सांगितलं नाही, मीही नाही. आता लिहितोय ते त्याला विचारून. "लिही मामा, बरं होईल," म्हणाला.

आता यंदाचं. एक नंबरचा मुलगा पदवी घेऊन गेला. दोन नंबरच्याने ट्रान्सफरसाठी नाव नोंदवलं आणि एका मोठ्या युनिव्हर्सिटीने त्याला उचललं. हल्ली हे सर्रास चालतं. छोट्या कॉलेजने पोरगं घडवायचं आणि मोठ्याने न्यायचं. त्या पोराचा मला राग येत नाही, त्या पद्धतीचा येतो. तर दोघं गेले, म्हणून सगळे दोन-दोन पायऱ्या वर सरकले. आमचा सहावा झाला चौथा.

ताईला आनंद झाला. "प्रमोशनच की!" मग विचार करून म्हणाली, "पण ह्याला सहावरच ठेवलं तर नक्की जिंकेल ना?" अगदी बरोबर ताई, पण तशी परवानगी नाही. कोचला क्रम ताकदीनुसारच लावावा लागतो. तगड्या खेळाडूला खाली लपवून सोपा पॉइंट घेणं म्हणजे लबाडी. त्यामुळे गेल्या वर्षीचा तिसरा यंदा एक नंबरवर जाऊन बहुधा मार खाणार. दोन नंबरचंही मला फारसं वेगळं दिसत नाही. तीनचं सांगता येत नाही.

मग चार पॉइंट्स येणार कुठून? माझा हिशोब असा: डबल्सचा एक, आणि खालचे तीन. डबल्समध्ये भाच्याची जोडी कायम आहे, हाताला हात बसलेला आहे. पाच आणि सहावर दोन नवी पोरं आहेत. त्यांचे फटके छान आहेत, पण बाकावर दीड तास बसून मग थंड हातापायांनी खेळायचं काय असतं हे त्यांना अजून माहीत नाही. माझ्या अंदाजाने सेमीफायनलपर्यंत जातील. त्यापुढे गेले तर मी पेढे वाटेन.

हे सगळं पुढच्या वर्षीही असेल की नाही, हा वेगळाच घोर आहे. 2020 मध्ये आयोवा आणि मिनेसोटासारख्या मोठ्या युनिव्हर्सिटींनी मुलांची टेनिस टीम बंद करायचं ठरवलं आणि वर्षभरात केलीही. पैशांचं कारण असतंच, शिवाय कायद्याने मुला-मुलींना खेळाच्या संधी समान द्याव्या लागतात. मुलांकडच्या शंभरेक जागा एकटं फुटबॉल खातं, मग कात्री लागते टेनिस-जिम्नॅस्टिक्सला. पोरं ह्यावर बोलत नाहीत, पण नवं जाकीट मिळालं नाही की एकमेकांकडे बघतात.

भाच्याला मी विचारलं, चार नंबरची भीती वाटते का? म्हणाला, समोरच्या खेळाडूची नाही वाटत. आता पहिल्याच फळीत कोर्टावर जायचं, स्कोअर काय होणार ते माहीत नसताना खेळायचं, ते विचित्र वाटतंय. तीन वर्षं तो आधी बोर्ड बघून मग आत जात होता.

पहिली मॅच संक्रांतीनंतरच्या शनिवारी सकाळी अकराला. ताई, तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ होतील. निकाल कळवतो, पण मध्येच फोन करू नकोस, मी कोर्टाशेजारी असेन. आणि तिळगूळ पाठवशील तो जरा जास्त पाठव. गेल्या वर्षी बाकावरच्या पोरांनी डबा पहिल्या अर्ध्या तासातच संपवला होता.