सहाशे रुपयांचं ‘ओरिजिनल’ विंडोज

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. संगणक दुरुस्तीचं कोटेशन आलं: ११ संगणक, ‘विंडोज प्रो ओरिजिनल, लाइफटाइम’, प्रत्येकी ६०० रुपये. मी विरोध नोंदवला. तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "अहो, टाकलं की चालू होतं, मग डुप्लिकेट कसं?"

चालू होतं हे खरंच. अधिकृत विंडोज प्रो भारतात दहा हजारांच्या वर जातं. तेच सहाशेत मिळतं, कारण दुकानदार एखाद्या वेबसाइटवरून २५ अक्षरांची की घेतो आणि टाकतो. ही की येते कुठून? बऱ्याचदा एखाद्या कंपनीने किंवा विद्यापीठाने घाऊक घेतलेल्या परवान्यातून. त्या एकाच कीवर ठरावीक संख्येने संगणक सुरू होतात. कुणीतरी ती बाहेर काढतो आणि तीच की शंभर गिऱ्हाइकांना विकतो. मर्यादा संपली किंवा मूळ मालकाच्या लक्षात आलं की की बंद. दुसरा प्रकार भंगारात गेलेल्या संगणकांच्या कींचा. तो परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो, दुसरीकडे नेता येत नाही. चोरीच्या कार्डावर घेतलेल्या कीही याच बाजारात येतात.

म्हणजे आपल्याला आकडा मिळतो, परवाना नाही. सगळी गोम इथे आहे. ॲक्टिव्हेशन म्हणजे सर्व्हरने आकडा ओळखला, एवढंच. शेजाऱ्याच्या किल्लीने कुलूप उघडलं म्हणून घर आपलं होत नाही.

या वेबसाइट युरोपच्या निकालाचा हवाला देतात. ३ जुलै २०१२ ला तिथल्या न्यायालयाने वापरलेले परवाने विकायला मुभा दिली, हे बरोबर. पण पहिल्या मालकाने स्वतःची प्रत बंद केली पाहिजे, आणि घाऊक परवाना फोडून तुकडे विकता येणार नाहीत, हेही त्याच निकालात आहे. ते कोण सांगणार!

आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब आहे. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. शाळेवर उद्या पोलीस येतील असं मी म्हणत नाही. पण लेखापरीक्षणात परवान्याचा कागद मागितला तर मुख्याध्यापकांनी काय दाखवायचं? व्हॉट्सॲपवर आलेला की नंबर? बिलावर सही त्यांची, दुकानदार मोकळा. शिवाय हा पैसा गावाचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणून सध्या ही विक्री जोरात आहे. पण मशीन ११ ला पात्र असेल आणि १० अधिकृत असेल तर अपग्रेड फुकट आहे, की लागतच नाही. नव्या ब्रँडेड मशीनमध्ये बऱ्याचदा परवाना मदरबोर्डमध्येच भरलेला असतो. आपल्याच मशीनमध्ये असलेली वस्तू आपल्यालाच सहाशेला विकली जाते कधीकधी!

जुन्या मशीनवर लिनक्स टाका. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावर शिकवतात, आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ही आहे. विंडोजच हवं असेल तर शाळांसाठी सवलतीचे दर असतात, ते अधिकृत विक्रेत्याकडून लेखी मागवा.

तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत, सेवा केंद्रात तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर टाइप करा, मग स्पेस, तिरकी रेघ आणि डी-एल-आय. येणाऱ्या चौकटीत ‘व्हॉल्यूम’ शब्द दिसला आणि तुमच्या संस्थेने घाऊक परवाना घेतलेला नसेल, तर बिल शोधा आणि त्यावर परवान्याबद्दल काय लिहिलंय ते इथे कळवा.