लाखेची मानिनी

जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवायला काढला की माळ्यावरच्या ट्रंकेतून ही बाई खाली येते. अंगावर फाटकं खाकी पाकीट, वर्ण काळा कुळकुळीत, आणि मोठ्या कुंकवासारखं मधोमध ठसठशीत लेबल. ही अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड. मिनिटाला 78 गिरक्या घेते, म्हणून हे नाव. ओळख करून घ्या, पण आधी हात पुसा आणि तिला कडेनेच धरा. अंगावर बोट उमटलेलं तिला खपत नाही.

जात लाखेची. त्या लाखेत दगडाची बारीक पूड कालवलेली असते, आणि सगळा खरखरीतपणा तिथून येतो. पोलादी सुई टेकली की पहिल्या काही फेऱ्यांतच तिला घासून ही आपल्या चरीच्या मापाची करून घेते. म्हणून एक बाजू वाजली की सुई बदलायची. काटकसर करून तीच सुई पुन्हा चालवली, तर चरी ओरबाडल्या जातात आणि बिघडलेला आवाज परत येत नाही.

नावाचा सोस तर जन्मापासूनचा. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या आणि शेवटी स्वतःचं नाव खणखणीत सांगून मोकळ्या झाल्या. त्याला कारण होतं. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळायला हवं. पुढे 1908 पासून कलकत्त्यातच छपाई सुरू झाली, तरी ही सवय काही लगेच सुटली नाही.

आणि घाई! दहा इंची तबकडीच्या एका बाजूत मिनिटं जेमतेम तीन. बुवांचे तंबोरे जुळायला याहून जास्त वेळ लागे. गवई नारायणराव व्यासांशी तिचं छान जमलं. शंकरराव गायकवाडांची सनई, पन्नालाल घोषांची बासरी, सगळ्यांना तिने हाच नियम लावला. तिने गाण्याचे पंख कापले असं जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. रागाचं नेमकं काय सांगायचं, हे तिने गवयाला आधी ठरवायला लावलं.

हिची भावंडं आयर्लंडातही आहेत. स्लायगोचा मायकेल कोलमन व्हायोलिन वाजवायचा, लीट्रिमचा जॉन मॅकेना बासरी. दोघेही पोटासाठी अमेरिकेला गेले आणि 1920च्या दशकात न्यूयॉर्कला त्यांच्या तबकड्या निघाल्या. त्या आयर्लंडला पोचल्या, आणि कोलमनला कधी न पाहिलेली पोरं त्याच्यासारखं वाजवू लागली. आपल्याकडेही तिने असे कितीतरी शिष्य परस्पर तयार केले.

नाशिकशी मात्र तिचं खास नातं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रय, म्हणजे बापूराव. 1931 साली वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. 1944 साली बापूरावांची पहिली तबकडी निघाली. ‘ठुमक चलत’ ऐका. आवाज इतका नितळ, की चरीची खरखर मागे असूनही कानाला लागत नाही. 1952 साली ‘बैजू बावरा’ चित्रपटात अमीर खाँसाहेबांबरोबर गायले, आणि 26 ऑक्टोबर 1955 रोजी, चौतिसाव्या वर्षी, गेले. तबकडीच्या वाट्याला त्यांची अवघी अकरा वर्षं आली. त्यांचे सूर तिने जिवापाड सांभाळले, एवढ्यासाठी तिचे सगळे नखरे मला मान्य आहेत.

नखरे आहेतच. हातातून सुटली की तुकडे. उन्हात ठेवली की वाकडी होते. आडव्या ढिगाचं ओझंही सोसत नाही, उभीच राहते. स्पिरिटने तर चुकूनही पुसू नका, लाख विरघळते.

तुमच्या माळ्यावर अशी कुणी असेल तर चावीच्या ग्रामोफोनवर लावायची घाई करू नका. लेबलवरचं नाव आणि क्रमांक वहीत उतरवून घ्या. मुंबईत 1990 साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संग्राहकांना दाखवा, हलक्या सुईवर वाजवून तिचं नवं ध्वनिमुद्रण करून घ्या. तोवर तिला घराबाहेर जाऊ देऊ नका.